पहिला पगार, गाडीचा हप्ता आणि सायकल: कामावर जाण्यासाठी सायकल कशी निवडावी?

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतला एक मुलगा आयटीआय करून भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये लागला. राहायला दापोडीला, पगार 15 हजार. पहिला पगार हातात पडायच्या आतच घरात चर्चा सुरू झाली की आता गाडी घ्यायची. मी त्याला कागदावर हिशोब मांडून दाखवला. जाऊन-येऊन रोजचे 16 किलोमीटर, महिन्याचे 25 दिवस, म्हणजे 400 किलोमीटर. गाडीने लिटरला 50 चे ॲव्हरेज दिले तरी 8 लिटर पेट्रोल, म्हणजे 800 रुपयांच्या वर. त्यात तीन वर्षांच्या कर्जाचा अडीच हजारांचा हप्ता. महिन्याला 3,300 रुपये झाले. विमा, सर्व्हिसिंग आणि टायर वेगळेच. पगाराचा पाचवा हिस्सा फक्त कामावर पोहोचण्यात जाणार होता.

त्याने सायकल घ्यायचे ठरवले आणि घेतलीही. पण महिनाभरातच ती जिन्याखाली जाऊन पडली. "ताई, गुडघे दुखतात, घामाने जीव जातो, वर पावसात पाठ चिखलाने भरते," असे तो म्हणाला. मी सायकल पाहिली. जाड टायर, पुढे आणि मधे शॉकअब्सॉर्बर, एकवीस गिअर, मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, लाइट नाही. सीट इतकी खाली की गुडघे हँडलला लागत होते. सायकलचा विचार योग्य होता, निवड चुकली होती. दुकानात जी सर्वात रुबाबदार दिसली, ती त्याने उचलली होती.

आपल्या अनेक तरुणांचे असेच होते. सायकल म्हणजे लहानपणापासून ओळखीची वस्तू, तिच्यात समजून घेण्यासारखे काय आहे, असे आपल्याला वाटते. पण रोज तासभर जिच्यावर बसायचे ती वस्तू नीट पारखून घ्यायला हवी. म्हणून हा लेख.

सायकल वापरणारे नेमके कोण?

2011 च्या जनगणनेत लोकांना कामावर जाण्याचे साधन विचारले गेले. शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्यांपैकी सुमारे 13 टक्के लोक सायकलने जात होते आणि त्याहून जास्त लोक पायी जात होते. त्याच जनगणनेनुसार देशातल्या सुमारे 45 टक्के कुटुंबांकडे सायकल होती, तर दुचाकी गाडी 21 टक्के कुटुंबांकडे. म्हणजे शहरातल्या रस्त्यांवर सायकल ही हौस म्हणून आलेली नाही. वॉचमन, सफाई कामगार, गवंडी, हेल्पर, घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांच्या पोटापाण्याचे ते साधन आहे.

तरीही गाडी घेतली की माणूस सुधारला आणि सायकलवर आला की घसरला, असे आपणच ठरवून टाकले आहे. दुसऱ्यांच्या डोळ्यांत भरावे म्हणून केलेल्या खर्चाबद्दल थॉर्स्टीन व्हेब्लेन या अभ्यासकाने 1899 मध्येच लिहून ठेवले. तो श्रीमंतांबद्दल लिहीत होता. आपल्या वस्तीत तोच खर्च कर्ज काढून होतो, एवढाच फरक. गाडी घेऊ नका, असे माझे म्हणणे नाही. अंतर 20 किलोमीटर असेल, घरात आजारी माणूस असेल, कामासाठी दिवसभर फिरावे लागत असेल, तर गाडी ही गरज आहे. पण 10 किलोमीटरच्या आत कामावर जाणाऱ्याने आधी सायकलचा विचार करावा. शहरात सवयीचा माणूस ताशी 12 ते 15 किलोमीटर वेगाने जातो. 8 किलोमीटरला 35 ते 40 मिनिटे लागतात. बसची वाट पाहणे आणि बदलणे धरले तर बसलाही अनेकदा तेवढाच वेळ जातो.

आधी रस्ता पाहा, मग सायकल

दुकानात जाण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर लिहा. अंतर किती? वाटेत चढ किंवा उड्डाणपूल किती? सोबत काय न्यायचे (डबा, हत्यारे, लॅपटॉप, मूल)? आणि सायकल रात्री व कामाच्या ठिकाणी कुठे ठेवणार? तिसऱ्या मजल्यावर चढवायची असेल तर वजन महत्त्वाचे. उघड्यावर ठेवायची असेल तर महाग सायकल घेऊ नये. या चार उत्तरांवरून अर्धी निवड होऊन जाते.

बाजारात साधारण चार प्रकार मिळतात.

1. साधी काळी सायकल. दूधवाल्यांची, पेपरवाल्यांची सायकल. 28 इंची चाक, गिअर नाही, पण मडगार्ड, कॅरिअर, डबल स्टँड, घंटी आणि कुलूप बहुतेक वेळा सोबतच येते. किंमत साधारण 5 ते 7 हजार. वजनाला जड, पण सपाट रस्त्यावर एकदा चालली की चालत राहते. ओझे वाहायला हिच्यासारखी दुसरी नाही आणि गल्लीतला कोणताही मिस्त्री ती दुरुस्त करतो. ब्रेक मात्र लोखंडी दांड्यांचे असतात, ते पावसात कमी लागतात. महिलांसाठी मधला दांडा खाली वाकवलेली सायकल याच कुळातली. साडी किंवा सलवार-कमीज घालून कामावर जाणाऱ्या ताईंसाठी ती उत्तम. चेनला पूर्ण झाकण आणि मागच्या चाकाला जाळी असलीच पाहिजे, नाहीतर पदर किंवा ओढणी चाकात अडकून जिवावर बेतू शकते.

2. जाड टायरची, शॉकअब्सॉर्बर असलेली सायकल. तरुणांना सर्वात जास्त आवडते ती हीच. 8 ते 12 हजारांत मिळते. स्वस्त सायकलीतले शॉकअब्सॉर्बर हे मुख्यतः वजन असते. पायडल मारताना सायकल वर-खाली होते आणि तुमची ताकद स्प्रिंग दाबण्यात जाते. खडबडीत जाड टायर डांबरावर घरंगळत नाहीत, त्यामुळे दमछाक वाढते. खड्ड्यांसाठी जाड टायर पाहिजे असेल तर हरकत नाही, पण शॉकअब्सॉर्बर नसलेला साधा फोर्क आणि रस्त्याचा गुळगुळीत टायर मागा.

3. हायब्रिड. चाक मोठे, टायर मध्यम रुंदीचा, हँडल सरळ, बसण्याची पद्धत आरामशीर. 12 हजारांपासून पुढे किमती. 35 ते 38 मिलिमीटर रुंदीचा टायर असेल तर आपल्याकडचे खड्डेही सोसतो आणि रस्त्यावर हलकाही चालतो. 5 ते 10 किलोमीटर अंतर, वाटेत एक-दोन चढ आणि खिशात पैसे असतील तर ही निवड चांगली.

4. बॅटरीची सायकल. किंमत 25 हजारांच्या आसपास सुरू होते. मोटर 250 वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल तर नियमानुसार ती मोटार वाहन धरली जात नाही, त्यामुळे लायसन्स आणि नोंदणी लागत नाही. गुडघेदुखी असलेल्यांना किंवा लांब अंतर असणाऱ्यांना उपयोगी. मात्र काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागते, तिची किंमत आजच विचारून ठेवा.

सायकल जुनी घ्यायलाही लाजू नका. फक्त चार तपासण्या करा. फ्रेमच्या जोडांवर तडा किंवा नवीन वेल्डिंग आहे का ते पाहा. दोन्ही चाके उचलून फिरवा, चाक लहरत असेल म्हणजे आऊट झालेले असेल तर तो खर्च धरा. पायडलचा दांडा हाताने हलवा, खडखड वाजला तर आतले छर्रे गेलेले आहेत. आणि फ्रेमवरचा नंबर घासलेला नाही ना ते बघा. नंबर खोडलेली सायकल कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका, ती कुणाच्या तरी कष्टाची चोरलेली असू शकते.

गिअरचे गणित

"एकवीस गिअर" हे ऐकून अनेकजण भुलतात. गिअर म्हणजे काय, तर एका पायडलमध्ये सायकल किती पुढे जाते याचा हिशोब. समजा साध्या सायकलला पुढे 44 दात आणि मागे 18 दात आहेत. पायडलचा एक फेरा पूर्ण झाला की मागचे चाक जवळपास अडीच फेरे फिरते. चाकाचा घेर सव्वादोन मीटर धरला तर सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. सपाट रस्त्याला हे योग्य आहे. पण नाशिक फाट्याच्या पुलावर चढताना प्रत्येक पायडलला साडेपाच मीटर ओढणे जड जाते. गिअरच्या सायकलीत पुढे 24 आणि मागे 28 दात लावले तर एका पायडलला दोन मीटरपेक्षाही कमीच जाल. हळू जाल, पण गुडघे वाचतील.

म्हणजेच चढ नसेल तर गिअरची गरज नाही. चढ असेल तर मागचे सहा-सात गिअर पुष्कळ झाले. जितके जास्त गिअर, तितक्या जास्त तारा आणि तितकी जास्त दुरुस्ती.

माप: सर्वात दुर्लक्षित गोष्ट

आमच्या त्या मुलाचे गुडघे सायकलमुळे दुखत नव्हते, सीटच्या उंचीमुळे दुखत होते. उंची लावण्याची पद्धत सोपी आहे. भिंतीला टेकून सायकलवर बसा. पायडल सर्वात खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय गुडघ्यात सरळ झाला पाहिजे. मग चालवताना पायाचा चवडा पायडलवर येतो, तेव्हा गुडघा किंचित वाकलेला राहतो. हीच योग्य उंची. अशा उंचीवर सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकत नाहीत, फक्त बोटे टेकतात. सुरुवातीला भीती वाटते, आठवड्यात सवय होते. सीटचा दांडा वर काढताना त्यावरची शेवटची खूण बाहेर दिसू देऊ नका, नाहीतर दांडा मोडू शकतो.

फ्रेम घेताना मधला दांडा दोन्ही पायांच्या मधे घेऊन, पाय जमिनीला टेकवून उभे राहा. दांडा आणि शरीर यांच्यात दोन-तीन बोटांचे अंतर पाहिजे. हँडल इतके लांब नको की मनगटावर सगळा भार येईल. आणि सायकल घ्यायच्या आधी दुकानाबाहेर किमान एक फेरी मारा. फेरी मारू न देणाऱ्या दुकानातून सायकल घेऊ नका.

सायकलच्या किमतीत हे धरूनच चला

दहा हजारांचे बजेट असेल तर सायकल आठ हजारांची घ्या आणि दोन हजार सामानासाठी ठेवा. महत्त्वाच्या क्रमाने सांगते.

मागचा लाल लाइट. पहिला मान याचा. सेकंड शिफ्टहून रात्री परतताना मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही दिसले पाहिजे. माझ्या ओळखीच्या एका कामगाराला अशाच रात्री मागून धडक बसली. हात मोडला, दीड महिना घरी बसला, पगार नाही. त्याच्या सायकलला मागे साधा रिफ्लेक्टरही राहिला नव्हता. चार्जिंगचा लाल लाइट दोन-तीनशे रुपयांत मिळतो. पुढे पांढरा लाइट, मागे लाल रिफ्लेक्टर, पायडलला आणि चाकांच्या तारांना पिवळे रिफ्लेक्टर लावा. लाइटचे चार्जिंग कधी संपेल सांगता येत नाही, रिफ्लेक्टरला चार्जिंग लागत नाही.

ब्रेक. दोन्ही चालू पाहिजेत. थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते, पण तो एकटा जोरात दाबला तर माणूस हँडलवरून पुढे पडतो. दोन्ही एकत्र आणि हळूहळू दाबण्याची सवय लावा. रिम ओली झाली की ब्रेक उशिरा लागतात, म्हणून पावसात लवकर ब्रेक लावायला सुरुवात करा. डिस्क ब्रेक पावसात बरे, पण नीट बसवून देणारा मिस्त्री जवळ आहे का ते आधी पाहा.

मडगार्ड. पूर्ण लांबीचे घ्या. सीटखाली लावायची छोटी पट्टी पाठ वाचवत नाही.

कॅरिअर. पाठीवर बॅग घेतली की पाठ घामाने भिजते आणि तोलही वर जातो. बॅग कॅरिअरवर रबरी पट्ट्याने बांधा. आतले कागद, डबा, मोबाईल जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत. पट्ट्याचे टोक लोंबत राहिले तर चाकात जाते, तेवढे बघा.

कुलूप. बारीक तारेचे कुलूप साध्या पकडीने कापले जाते. जाड साखळी किंवा इंग्रजी यू आकाराचे कुलूप घ्या. फक्त चाकाला कुलूप लावून ठेवलेली सायकल उचलून टेम्पोत टाकता येते. म्हणून फ्रेम आणि मागचे चाक मिळून जमिनीत रोवलेल्या खांबाला बांधा. बिल जपा, फ्रेम नंबरचा फोटो काढून ठेवा, हरवली तर पोलिसांत तक्रार देताना हेच लागते.

घंटी, स्टँड, हेल्मेट. घंटीशिवाय गर्दीत चालवू नका. हेल्मेट सायकलचे वेगळे, हलके आणि हवा खेळणारे मिळते, पट्टा हनुवटीखाली दोन बोटे जातील इतका घट्ट हवा.

घामाची तक्रारही सोडवता येते. शेवटची पाच मिनिटे सावकाश चालवा, एक शर्ट आणि छोटा टॉवेल सोबत ठेवा, कामावर पोहोचल्यावर तोंड-हात धुऊन शर्ट बदला.

आठवड्याला दहा मिनिटे

सायकल जड चालते याचे सर्वात मोठे कारण कमी हवा. ट्यूबमधून हवा आपोआप थोडीथोडी जातेच. किती हवा भरायची ते टायरच्या कडेवर लिहिलेले असते, ते वाचा. अंगठ्याने दाबून अंदाज घेऊ नका. गिअरच्या बऱ्याच सायकलींना मोटरसायकलसारखा वॉल्व्ह असतो, त्यांची हवा पेट्रोल पंपावरही भरता येते, पण जरा जपून. सायकलची ट्यूब लहान असते, झटक्यात जास्त हवा जाऊन ती फुटू शकते.

रविवारी हवा, ब्रेकचे रबर, चाकांचे नट आणि चेन एवढे पाहा. चेन कपड्याने पुसून प्रत्येक कडीवर एक थेंब तेल सोडा आणि वरचे तेल पुन्हा पुसून घ्या. वर राहिलेले तेल फक्त धूळ धरते. पावसाळ्यात हे दर तीन-चार दिवसांनी करा. सोबत पंक्चरचे पॅच, सोल्युशन, टायर काढायच्या पट्ट्या, एक पाना आणि छोटा पंप असेल तर रात्री बारा वाजताही अडत नाही. पंक्चर काढणे अर्ध्या तासात शिकता येते, मुलींनीही शिकावे. वर्षातून एकदा मिस्त्रीकडून पूर्ण ऑइलिंग करून घ्या.

रस्त्यावर जीव सांभाळा

एमआयडीसीच्या रस्त्यांवर सर्वात मोठा धोका ट्रक आणि कंटेनरचा. ट्रक आणि फुटपाथ यांच्या मधून डाव्या बाजूने कधीही पुढे घुसू नका. ड्रायव्हरला तिथले दिसत नाही आणि ट्रक डावीकडे वळला की मागची चाके आतून येतात. सिग्नलला ट्रकच्या मागेच थांबा. उभ्या गाड्यांपासून हातभर अंतर ठेवा, कुणीही अचानक दार उघडते. रस्त्याच्या अगदी कडेच्या मातीत चालवू नका, खड्डा आला की ऐनवेळी गाड्यांसमोर यावे लागते. पावसात गतिरोधकावरचे पांढरे पट्टे आणि गटाराची लोखंडी झाकणे निसरडी होतात, त्यावर वळू नका, सरळ पार करा. आणि उलट दिशेने, म्हणजे राँग साइडने, जवळ पडते म्हणूनही जाऊ नका.

एवढी काळजी सायकलवाल्यानेच का घ्यायची, असा प्रश्न तुम्ही विचाराल, आणि तो बरोबरच आहे. पुणे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जायचे. 2017 मध्ये महापालिकेने शहरासाठी सायकल आराखडाही मंजूर केला. पण आज अनेक सायकल ट्रॅकवर गाड्या उभ्या असतात, कुठे ट्रॅक मधेच संपतो. कारखान्याच्या गेटवर साहेबांच्या कारला शेड असते, कामगाराची सायकल उन्हात. हे बदलायला मागणी करावी लागेल. कंपनीत सायकल स्टँड, वस्तीपासून एमआयडीसीपर्यंत रस्त्यावर दिवे, सलग ट्रॅक, या मागण्या वॉर्डाच्या निवेदनात गटार आणि पाण्याच्या शेजारी लिहायला हव्यात.

तोपर्यंत आपल्या हातात जे आहे ते करू. त्या मुलाच्या सायकलची सीट आम्ही वर केली, टायर बदलून गुळगुळीत घातले, मडगार्ड, कॅरिअर आणि दोन लाइट बसवले. सगळा खर्च दोन-अडीच हजारांच्या आत, म्हणजे गाडीच्या एका हप्त्याएवढा झाला. तो आजही सायकलनेच जातो आणि वाचलेल्या पैशांतून बहिणीच्या नर्सिंगची फी भरतो.

आपल्या प्रत्येक वस्तीत जिन्याखाली अशा पाच-दहा सायकली धूळ खात पडलेल्या असतात. कार्यकर्त्यांनी वर्गणी काढून एक मोठा पंप, पान्यांचा संच आणि तेलाची बाटली घ्यावी, महिन्यातल्या एका रविवारी जवळच्या मिस्त्रीकाकांना बोलवावे आणि त्या सायकली बाहेर काढाव्यात. सीटची उंची लावून द्यावी, मागे लाल रिफ्लेक्टर बसवावा. पहिल्या नोकरीला लागलेल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला त्यातली एक सायकल मिळाली, तर तिच्या पगाराचा पाचवा हिस्सा घरात राहील.